बर्फ कशाने काढायचा? आधी कोण काढणार ते ठरवा

दिवाळी संपली की अमेरिका-कॅनडातल्या वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यंदा स्नो-ब्लोअर घ्यावा का? की फावड्यानेच भागेल? गेल्या वर्षी कंबर फार दुखली होती." काही प्रश्न इथूनच येतात. मुलगा न्यू जर्सीला किंवा टोरांटोला असतो, आम्ही डिसेंबरात सहा महिन्यांसाठी जाणार आहोत, तिथे घरासमोरचा बर्फ काढायला थोडी मदत केली तर चालेल ना?

विचारणाऱ्याला हा प्रश्न अवजाराचा वाटतो, किंवा फार तर कंबरेचा. माझ्या मते तो आधी हृदयाचा प्रश्न आहे. फावडे, यंत्र की पैसे देऊन माणूस, हे ठरवताना लोक किंमत बघतात, ड्राइव्ह-वेची लांबी बघतात, शेजाऱ्याकडे काय आहे ते बघतात. बर्फ काढणाऱ्याचे वय, ब्लडप्रेशर, शुगर आणि व्यायामाची सवय मात्र कोणी बघत नाही. निवडीची सुरुवात तिथून व्हायला हवी, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

तुम्ही नेमके किती वजन उचलता?

भारतातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. तिथे रस्त्यापासून घराच्या गॅरेजपर्यंत गाडी जायची जी फरसबंद वाट असते, तिला ड्राइव्ह-वे म्हणतात. रात्री बर्फ पडला की सकाळी ती मोकळी केल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. घरासमोरचा पदपथ ठरावीक वेळेत साफ करायचा, असा नियमही अनेक गावांत असतो.

आता एक साधा हिशेब करू. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतील असा ड्राइव्ह-वे साधारण ६ मीटर रुंद आणि १० मीटर लांब धरा. त्यावर १५ सेंटिमीटर बर्फ पडला, तर ९ घनमीटर बर्फ झाला. ताजा, हलका, भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे ९०० किलो. फावड्यात एका वेळी ६ किलो घेतले तरी दीडशे वेळा वाकायचे, उचलायचे आणि फेकायचे. बर्फ ओला असेल तर वजन दुप्पट-तिप्पट होते. मग हाच आकडा दोन-अडीच टनांच्या घरात जातो.

एवढ्यावर संपत नाही. आपले काम होत आले की नगरपालिकेचा प्लाउ रस्त्यावरून जातो आणि रस्त्यावरचा दाबलेला, चिखलमिश्रित बर्फ नेमका तुमच्या ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी ढीग करून ठेवतो. हा सगळ्यात जड बर्फ असतो आणि तो उपसायची वेळ येते तेव्हा माणूस आधीच दमलेला असतो.

वर्षभर संगणकासमोर बसणारा माणूस एखाद्या सकाळी उठून, चहा घेऊन, अर्ध्या तासात दीड-दोन टन माल हलवेल का? असे विचारले तर तो हसेल. पण बर्फ पांढरा आणि हलका दिसतो, म्हणून हे काम कोणाला हमालीचे वाटत नाही.

हृदयावर दोन्ही बाजूंनी ताण

या कामात काही गोष्टी एकाच वेळी घडतात.

पहिली, काम हातांचे असते. तेवढेच काम पायांनी केले तर हृदयाला तुलनेने कमी कष्ट पडतात. हातांच्या कामात नाडी आणि रक्तदाब दोन्ही जास्त चढतात.

दुसरी, पाय बराच वेळ एका जागी रोवलेले असतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायला मदत करतात, तशी मदत इथे मिळत नाही.

तिसरी, जड फावडे उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. त्या क्षणी रक्तदाब झटकन वर जातो.

चौथी म्हणजे थंडी. थंड हवेत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब आणखी वाढतो. ज्यांच्या हृदयाच्या धमन्यांत आधीच चरबीचे थर आहेत, त्यांच्या त्या धमन्याही थंडीत आकसू शकतात. म्हणजे हृदयाची ऑक्सिजनची मागणी वाढलेली आणि नेमका त्याच वेळी पुरवठा कमी झालेला.

शिवाय हे काम बहुतेक जण ऑफिसला जाण्याआधी, भल्या सकाळी करतात. हार्ट अटॅकचे प्रमाण एरवीही सकाळच्या वेळी जास्त असते.

अभ्यास काय सांगतात?

१९९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक छोटा पण बोलका प्रयोग झाला. सरासरी तिशीतल्या १० निरोगी, पण व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांना ओला, जड बर्फ फावड्याने काढायला लावला. अवघ्या दोन मिनिटांत त्यांची नाडी त्यांच्या कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांपलीकडे गेली. व्यायाम करतानाही आपण सहसा याच्या आतच थांबायला सांगतो. फावड्याने काम करताना नाडीचा सरासरी उच्चांक मिनिटाला १७५ ठोके आणि वरचा रक्तदाब सुमारे १९८ होता. त्याच माणसांनी यंत्राने बर्फ काढला तेव्हा नाडी १२४ आणि वरचा रक्तदाब १६१ च्या आसपास राहिला. ही सगळी तरुण, निरोगी माणसे होती हे विसरू नका.

दुसरा अभ्यास मोठा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या हिवाळ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बर्फ न पडलेल्या दिवसांशी तुलना करता, २० सेंटिमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हार्ट अटॅकने दवाखान्यात भरती होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि मृत्यूची ३४ टक्क्यांनी जास्त दिसली. स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नाही. यामागचे बहुधा कारण हे की फावडे घेऊन बाहेर पडतात ते मुख्यतः पुरुष.

तिसरा अभ्यास अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांचा. १९९० ते २००६ या काळात फावड्याने बर्फ काढताना झालेल्या त्रासासाठी वर्षाला सरासरी साडेअकरा हजार लोक तिथे पोचले. सर्वाधिक तक्रारी कंबरेच्या होत्या. हृदयाचा त्रास ७ टक्क्यांहूनही कमी लोकांना झाला, पण मृत्यू झाले ते सगळे हृदयामुळेच. त्या काळात वर्षाला सुमारे शंभर.

म्हणूनच मी म्हणतो, तुम्ही कंबरेबद्दल विचारता तेव्हा अर्धाच प्रश्न विचारता. कंबर दुखेल आणि बरी होईल. हृदय दुसरी संधी देईलच असे नाही.

आपल्या लोकांनी जास्त जपायचे, ते का?

भारतीय उपखंडातल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचे मध्यम वय ५३ होते. बाकीच्या देशांत ते ५९ च्या जवळ होते. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांतही दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक मानला आहे. बारीक अंगाच्या माणसाच्याही पोटावर चरबी, रक्तात साखर आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त, हे चित्र आपल्याकडे नेहमीचे आहे.

म्हणून शेजारचा साठीचा गोरा गृहस्थ टी-शर्टवर बर्फ उपसतो आहे हे बघून, "मी तर पंचेचाळीसचाच आहे," असा हिशेब करू नका. तो कदाचित लहानपणापासून हे काम करत आला असेल. तुमच्या धमन्या तुमच्या आहेत.

पर्याय एकेक करून पाहू

फावडे: पंचेचाळिशीच्या आतले, आठवड्यातून चार-पाच दिवस दमसास लागेल असा व्यायाम करणारे, ब्लडप्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांपैकी काही नसलेले आणि घरात लवकर हृदयविकाराचा इतिहास नसलेले लोक फावडे वापरू शकतात. ड्राइव्ह-वे लहान असेल तर त्यांच्यासाठी तेच बरे. यंत्राचा खर्च नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही.

स्नो-ब्लोअर: धोके आहेत पण ते आटोक्यात आहेत, अशा मधल्या गटासाठी हे यंत्र फावड्यापेक्षा निश्चित चांगले. वरच्या प्रयोगातले आकडेच ते सांगतात. हलक्या बर्फाला बॅटरीवरचे छोटे यंत्र पुरते. प्लाउने टाकलेल्या ढिगाऱ्यासाठी स्वतःच्या चाकांवर पुढे सरकणारे मोठे यंत्र लागते. ओल्या बर्फात अडकलेले यंत्र ढकलत-ओढत राहिलात तर फायदा गेलाच, हृदयावर तोच ताण येतो. ज्यांना अँजायना आहे किंवा नुकताच अटॅक येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी हे यंत्रही नको.

यंत्राचे स्वतःचे धोकेही नीट समजून घ्या. तोंडाशी बर्फ अडकला म्हणून हात घालणे हे बोटे तुटण्याचे नेहमीचे कारण आहे. यंत्र बंद केले तरी आतल्या पात्यांमध्ये ताण शिल्लक असू शकतो आणि अडथळा निघताच पाते फिरते. यंत्र बंद करा, पाती थांबू द्या आणि तरीही हात न घालता काठीनेच बर्फ काढा. पेट्रोलचे यंत्र गॅरेजमध्ये सुरू करून ठेवू नका, दार उघडे असले तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

त्याच कारणासाठी आणखी एक. मुले गारठतील म्हणून त्यांना गाडीत हीटर लावून बसवायचे आणि आपण बर्फ काढायचा, असे कधीही करू नका. गाडीचा धूर बाहेर टाकणारा पाइप बर्फात बुजलेला असेल तर तो विषारी वायू गाडीत शिरू शकतो. आधी पाइप मोकळा करा, मग गाडी सुरू करा.

पैसे देऊन काम करून घेणे: मला विचाराल तर पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि वरीलपैकी दोन-तीन धोके असलेल्या माणसासाठी हा पहिला पर्याय असावा. अँजिओप्लास्टी, बायपास, हार्ट फेल्युअर किंवा लकवा होऊन गेलेल्यांसाठी तर हा एकच पर्याय आहे. हंगामाचे कंत्राट घेता येते, किंवा गल्लीतला एखादा कॉलेजचा मुलगा दर खेपेला ठरवून येतो. ठरवताना प्लाउचा ढिगारा आणि पायऱ्या कामात धरल्या आहेत का, ते विचारून घ्या. नाहीतर सगळ्यात जड भाग तुमच्याच वाट्याला येईल.

गरम होणारा ड्राइव्ह-वे: फरशीखाली विजेच्या तारा किंवा गरम पाण्याच्या नळ्या टाकून बर्फ वितळवता येतो. कष्ट शून्य, पण खर्च मोठा. घर नव्याने बांधताना किंवा ड्राइव्ह-वे उखडायचाच असेल तेव्हा विचार करावा. पायऱ्यांवर टाकायच्या विजेच्या गरम चटया मात्र ज्येष्ठांच्या घरात उपयोगी पडतात.

मीठ आणि वाळू: मीठ बर्फ काढत नाही, उरलेला पातळ थर वितळवते. साधे मीठ उणे ९-१० अंशांखाली फारसे काम करत नाही. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइड लागते, किंवा पाय घसरू नये म्हणून वाळू टाकावी. थोडेच टाका. जास्त मिठाने काँक्रीट खराब होते आणि कुत्र्या-मांजरांचे पंजे भाजल्यासारखे होतात.

थांबणे: हा पर्याय कोणी मोजत नाही. आज घरून काम करता येते का? एकच गाडी निघेल एवढीच वाट मोकळी केली तर भागते का? पदपथाचा नियम पाळून बाकीचा बर्फ उद्यावर ढकलता येतो का? प्रत्येक वेळी संपूर्ण ड्राइव्ह-वे चकाचक करायलाच हवा असा वैद्यकशास्त्रात तरी कुठे नियम नाही.

"पण डॉक्टर, हा व्यायामच ना?"

हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. व्यायामात ताण हळूहळू वाढवता येतो, कुठेही थांबता येते, आणि आदल्या आठवड्याचा सराव पाठीशी असतो. बर्फ काढताना ताण पहिल्या दोन मिनिटांतच शिखरावर जातो, काम अर्धवट सोडवत नाही आणि सराव वर्षातून आठ-दहा वेळा. व्यायाम हवा असेल तर रोज चाला. मग हिवाळ्यात फावडे उचलण्याइतके शरीर तयारही होईल.

दुसरा युक्तिवाद पैशांचा. "एवढ्याशा कामाला इतके डॉलर?" आपल्या पिढीला स्वतःचे काम स्वतः करायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण घर गरम ठेवायचे बिल आपण कुरकुर न करता भरतो. ज्याला हृदयाचा धोका आहे त्याच्यासाठी बर्फाचे कंत्राट हा तसाच घरखर्च आहे. तो खर्च करणे म्हणजे आळस नव्हे.

मुलांकडे गेलेल्या आई-बाबांसाठी

"नुसता बसून काय करू? मुलगा सकाळी घाईत असतो, तेवढाच हातभार." ही भावना मला समजते. पण पुणे-नाशिकच्या हिवाळ्यातून आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाबांनी उणे दहा अंशांत फावडे घेणे हा हातभार ठरणार नाही. गावाकडे शेतात राबलेलो आहोत हेही इथे कामाचे नाही. ते काम तीस वर्षांपूर्वीचे होते आणि उन्हातले होते. शिवाय पाहुण्यांच्या आरोग्य विम्यात आधीपासूनचे आजार बऱ्याचदा धरलेले नसतात. जाण्यापूर्वी पॉलिसी वाचून घ्या.

काही औषधांमुळे वेगळी काळजी लागते. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे छातीची धडधड हा इशारा मिळेलच असे नाही. मधुमेह जुना असेल तर छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो, आणि पायांची संवेदना कमी असल्याने हिमदंश लवकर कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना बर्फावर घसरून डोक्याला मार लागला, तर वरून जखम दिसो वा न दिसो, लगेच इमर्जन्सीत जायचे. सर्दीसाठी दुकानातून घेतलेल्या नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी ब्लडप्रेशर वाढते, तेही लक्षात ठेवा.

मुलांना आणि सुनांना माझी एक विनंती. "बाबा, तुम्ही नका करू" असे नुसते म्हणून बाबा ऐकत नाहीत. बर्फ पडल्यावर पहाटे ते तुमच्याआधी उठतात. फावडे कुलपात ठेवा आणि त्यांना करण्यासारखे दुसरे एखादे खरे काम द्या.

फावडे घ्यायचेच असेल तर

- बाहेर पडण्याआधी घरातच पाच-दहा मिनिटे चालून अंग गरम करा.
- भरपेट जेवणानंतर, मद्य घेऊन किंवा सिगारेट ओढून लगेच हे काम करू नका.
- कपड्यांचे एकावर एक थर घाला. टोपी, हातमोजे आणि तोंडावर मफलर हवाच.
- फावडे लहान पात्याचे घ्या. शक्य तिथे बर्फ उचलू नका, ढकला.
- उचलताना गुडघ्यात वाका, अर्धेच फावडे भरा, श्वास रोखू नका. कंबर पिळून किंवा खांद्यावरून मागे बर्फ फेकू नका.
- बर्फ पडत असतानाच थोडा थोडा काढा. दोनदा पाच सेंटिमीटर काढणे एकदा दहा काढण्यापेक्षा सोपे.
- दर दहा-पंधरा मिनिटांनी आत येऊन बसा, पाणी प्या.
- बाहेर जाताना घरात सांगून जा आणि फोन खिशात ठेवा.

ही लक्षणे दिसली तर फावडे तिथेच टाका

छातीत दाब, आवळल्यासारखे वाटणे, डावा हात, जबडा, मान किंवा पाठीत दुखणे, एकाएकी धाप, थंडीतही दरदरून घाम, मळमळ, चक्कर. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये नुसता थकवा, धाप किंवा मळमळ एवढेच असू शकते.

आपल्याकडे अशा वेळी पहिले वाक्य ठरलेले असते, "अ‍ॅसिडिटी झाली असेल, जरा पडतो." बर्फ काढताना किंवा काढून आल्यावर असे झाले तर ती अ‍ॅसिडिटी नाही असेच धरून चाला. लगेच ९११ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, रस्त्यावरही बर्फच आहे. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर फोनवर सांगा. ते सांगतील त्याप्रमाणे अ‍ॅस्पिरिन चावून खा. पॅरामेडिक येईपर्यंत दार उघडे ठेवून बसून राहा.

आजच ठरवा

पहाटे पाच वाजता खिडकीबाहेर फूटभर बर्फ बघून घेतलेला निर्णय चुकतो, कारण तेव्हा हाताशी फक्त फावडे असते. म्हणून बर्फ पडण्याआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे नाव एका कागदावर लिहा. पुढे वय, ब्लडप्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल, हृदयाचा इतिहास आणि व्यायाम लिहा. फावडे कोणाच्या हाती द्यायचे नाही, ते त्या कागदावरून कळेल. शंका असेल तर तुमच्या डॉक्टरांना नेमका हाच प्रश्न विचारा: "मी बर्फ काढू का?" घरात एकही नाव उरले नाही, तर कंत्राटदाराला फोन करा. बर्फ सुरू झाला की चांगले कंत्राटदार मिळत नाहीत.